भीमाशंकरचं जंगल बघायला जाताना

मागच्या महिन्यात आम्ही आमच्या गटाच्या भीमाशंकर सहलीबद्दल रेडिओवर दोन-चार वाक्यं बोललो, तर त्यानंतर आठ दिवस फोन थांबेना. गाडी किती पडली, गाईड कुठं मिळाला, शेकरू खरंच दिसला का, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, बायकांची सोय काय? म्हणून आज सगळं सविस्तर सांगायचं ठरवलंय. पाणी तापत ठेवलं असेल तर गॅस बारीक करा आणि बसा.

आधी एक कबुली. भीमाशंकरला आम्ही पहिल्यांदा गेलो ते तीन वर्षांपूर्वी. एका यात्रा कंपनीच्या बसने, श्रावणात, तेही सोमवारी. पाच तास रांगेत उभं राहिलो, दर्शन अर्ध्या मिनिटाचं झालं, येताना चिखलात चपला गेल्या आणि बसमधून उतरल्यापासून बसमध्ये चढेपर्यंत माणसांच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही. घरी येऊन सांगितलं, भीमाशंकर करून आलो. खरं तर जंगल आमच्या दोन्ही अंगाला उभं होतं आणि आम्ही त्याच्याकडं मान वर करून बघितलंही नव्हतं. देवाचं दर्शन झालं यात खोट नाही. पण त्या डोंगरावर बघण्यासारखं आणखी काय आहे, हे सांगणारं कुणी बरोबर नव्हतं.

या वेळी ठरवलं की दिवस जंगलासाठी काढायचा आणि तिथलंच माणूस बरोबर घ्यायचं.

घरी सांगितल्यावर काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. देवाला जातो म्हटलं की कुणी अडवत नाही. झाडं आणि प्राणी बघायला जातो म्हटलं की कपाळाला आठ्या. आमच्यातल्या एकीचे मालक म्हणाले, “बिबट्या बघायला एवढ्या लांब कशाला? संध्याकाळी उसाच्या बांधावर उभी राहा.” हसायला आलं, पण त्या हसण्यात भीती होती. आमच्या शिरूर तालुक्यात, तसंच जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये, बिबट्या म्हणजे टीव्हीवरचा प्राणी नाही. शेजारच्या गावातलं लेकरू गेल्याची बातमी ऐकून आम्ही कितीतरी रात्री जागून काढल्यात. अशा बायकांनी हौसेनं जंगलात जायचं हे आम्हालाही जरा विचित्रच वाटत होतं. त्या बिबट्याकडं पुन्हा येऊ.

भीमाशंकर म्हणजे सह्याद्रीच्या अगदी काठावरचं जंगल. १९८५ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. समुद्रसपाटीपासून उंची तीन हजार फुटांच्या वर. अभयारण्य झालं ते मुख्यतः एका प्राण्यासाठी, शेकरूसाठी. शेकरू म्हणजे मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शाळेत आपण पाठ केलेलं असतं की राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण, राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू. आंबा सोडला तर बाकीची तिन्ही आमच्यातल्या निम्म्या बायकांनी कधी पाहिलेली नव्हती.

हिशोब आधी सांगून टाकतो, कारण त्यावरच सहल होते किंवा मोडते. आम्ही सोळा जणी होतो. सतरा सीटची गाडी, जाऊन-येऊन सात हजार. गाईडचे आठशे, माणशी नव्हे तर अख्ख्या गटाचे. गाडीचा प्रवेश आणि पार्किंग मिळून दोनशे. जेवण ताटाला दीडशे, गाईड आणि ड्रायव्हर धरून अठरा ताटं, म्हणजे सत्तावीसशे. एकूण दहा हजार सातशे. प्रत्येकीकडून सातशे घेतले होते, त्यातले पाचशे उरले. दर तुमच्या वेळी वेगळे असतील, पण रीत तीच ठेवा. गाईडचे पैसे गटाचे की माणशी, किती तासांचे, जेवण त्यांच्याकडं की आपलं, हे फोनवरच ठरवा आणि वहीत लिहा. तिथं गेल्यावर घासाघीस करू नका. माळव्याच्या बाजारात दोन रुपयांवरून भांडणं वेगळं आणि ज्या माणसाच्या भरवशावर रानात शिरायचं त्याच्याशी भांडणं वेगळं.

गाईड कसा शोधायचा? वनखात्याच्या तपासणी नाक्यावर विचारा किंवा तिथल्या गावात कुणाची ओळख असेल तर त्यांच्यामार्फत. मात्र माणूस स्थानिकच हवा. आम्हाला आमच्या आशाताईंच्या ओळखीतून एक वाटाडी ताई मिळाली. महादेव कोळी समाजाची, त्याच डोंगरातल्या वाडीवर जन्मलेली आणि तिथंच दिलेली. वय असेल पस्तीस. पायात साधे बूट, नऊवारीवर पुरुषी शर्ट, हातात काठी. गाईड म्हणजे कुणी पोरगा टोपी घालून येईल असं आमच्या डोक्यात होतं. ती गाडीपाशी आली तेव्हा आम्ही तिलाच विचारलं, “गाईड कुठंय?”

दिवस निवडताना श्रावण, महाशिवरात्र, सोमवार, शनिवार-रविवार एवढं टाळा. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी, बुधवारी गेलो. पाऊस संपलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं, झाडं हिरवी असतात आणि वाटा निसरड्या नसतात. भर पावसात तिकडं फार सुंदर दिसतं, हे खरं. पण धुकं एवढं असतं की दहा पावलांवरचं दिसत नाही. कर्जतच्या बाजूनं खांडसवरून वर येणारी शिडी घाटाची वाट तर पावसाळ्यात धोक्याचीच, आणि प्रशासन ती बऱ्याचदा बंदही ठेवतं. डिंभे धरणाच्या बाजूनं जाताना माळीणच्या फाट्यावरून आमची गाडी गेली तेव्हा बडबड आपोआप थांबली. ३० जुलै २०१४ ची ती सकाळ. अख्खा डोंगर खाली आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. जोराच्या पावसात डोंगरात हौसेनं जाऊ नये, एवढं सांगायला आणखी काही लागत नाही.

निघालो पहाटे साडेचारला. एवढ्या लवकर का, तर शेकरू सकाळी आणि दुपार कलल्यावर हिंडतो. ऊन चढलं की फांदीवर पालथा पडून झोपा काढतो, शेपूट खाली सोडून. दहा-अकराला पोचाल तर झोपलेलंच जंगल दिसेल. मंचरला चहा घेतला आणि तिथंच सगळ्यांनी स्वच्छतागृहाला जाऊन घेतलं. हे लक्षात ठेवा, बायांनो. देवस्थानाच्या बसस्टँडपाशी सोय आहे, पण जंगलाच्या वाटेवर काहीही नाही. तहान मारून जाऊ नका. आपण बायका हेच करतो, बाहेर पडायचं म्हटलं की पाणीच पीत नाही, आणि मग चक्कर येते. गाडीतून उतरल्यावर एकदा, जंगलात शिरण्याआधी एकदा, असा नेम ठेवला की तीन तास निभतात.

आमच्यातल्या दोघींना आदल्या रात्री पाळी आली आणि त्या यायचं नाही म्हणू लागल्या. देवळात जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, आम्ही त्यात पडलो नाही. पण जंगलाला पाळीचं सोयरसुतक काही नसतं. दोघीही आल्या. पॅड कागदात गुंडाळून, पिशवीत घालून परत गाडीत आणायचं, एवढं एकच पथ्य. तिथं टाकलं की रात्री जनावरं उकरतात.

कपडे मातकट, हिरवे, तपकिरी असावेत. अत्तर, सेंट लावू नये. गजरा नको. साडी नेसणारीनं चांगली खोचून घ्यावी, काटेरी झुडपात पदर अडकतो. चपला नकोत, मुलांचे शाळेचे बूट बसत असतील तर तेच घाला. आमच्या तिघींनी तसंच केलं.

देवळाकडं उतरायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी चढताना वेळ लागणार हे धरून चालावं. देऊळ जुनं, शिखर नाना फडणवीसांच्या काळातलं. समोर दोन खांबांमध्ये एक भली मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्याकडं जरूर बघा, कारण ती आपल्या देवळातल्या घंटांसारखी नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा इकडं आल्या, त्यातली ही एक. आमचं दर्शन वीस मिनिटांत झालं. श्रावणातले पाच तास आठवून जरा रागच आला.

तिथून गुप्त भीमाशंकरची वाट धरली. साधारण दोन किलोमीटर, सगळी झाडाखालून. वाटेवर मुळं आलेली असतात, खाली बघून चालावं लागतं.

शिरल्या शिरल्या ताईनं आम्हाला थांबवलं आणि म्हणाली, “मोबाइल बंद, बांगड्या वर सरकवा, आणि दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही.” सोळा बायका आणि दहा मिनिटं! पहिली तीन मिनिटं तर हसू दाबण्यातच गेली. मग हळूहळू कानावर एकेक गोष्ट यायला लागली. कुणीतरी शीळ घालत होतं, अगदी माणसासारखी, सूर विसरून पुन्हा सुरू केल्यासारखी. आमच्यातली एक दचकून मागं वळली. ताई म्हणाली, तो कस्तूर. मलबारी कस्तूर, निळसर काळा पक्षी, ओढ्याच्या काठानं राहतो. पावसाळ्यात तर पहाटे त्याच्या शिळेनंच जाग येते म्हणाली.

आम्ही सगळ्या जणी माना वर करून शेकरू शोधत होतो. ताई मात्र खाली जमिनीकडं बघत चालली होती. एका उंबरापाशी थांबली आणि काठीनं दाखवलं. खाली अर्धी कुरतडलेली फळं पडलेली, ताजी, ओलसर. “आता वर बघा,” म्हणाली. आम्ही बघत राहिलो, काही दिसेना. तेवढ्यात वरून आणखी एक अर्धं उंबर टपकन आमच्या एकीच्या खांद्यावर पडलं. आणि मग शेपूट दिसलं. झुपकेदार, टोकाला फिकट, फांदीवरून खाली लोंबणारं. मग पाठ दिसली, गडद तांबूस, उन्हाची तिरीप पडली की जवळजवळ डाळिंबाच्या सालीच्या रंगाची. पोट पिवळसर पांढरं. दोन्ही हातांनी फळ धरून खात होता, अगदी आपलं लेकरू कणीस खातं तसा.

आपल्या अंगणातली खार डोळ्यांसमोर आणू नका. शेकरू शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास भरतो, वजन दीड-दोन किलो. लोक त्याला उडणारी खार म्हणतात, ते चूक. उडणारी खार वेगळी, ती रात्री हिंडते. शेकरू उडत नाही, उडी मारतो, आणि उडी वीस फुटांपर्यंत जाते. जमिनीवर तो सहसा उतरतच नाही. खातो वर, झोपतो वर, पिल्लं वर.

इथं ताईनं जे समजावलं ते आम्हाला फार मोलाचं वाटलं. तिनं आम्हाला झाडांच्या शेंड्यांकडं बघायला सांगितलं. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, एकाच्या फांद्या दुसऱ्यात गेलेल्या. म्हणाली, ही त्याची सडक. सडक मध्येच तुटली की तो तिथंच अडकतो. दोन झाडं तोडली तर आपल्याला वाटतं, दोनच तर तोडली. पण त्या दोन झाडांनी वीस-पंचवीस फुटांची फट पडते आणि शेकरूच्या लेखी पलीकडचं जंगल संपतं. मग तो खाली उतरतो, आणि खाली कुत्री असतात. रस्ता रुंद केला, वाहनतळ वाढवला, हॉटेल बांधलं, प्रत्येक वेळी एक फट पडते. जंगल नकाशावर तेवढंच राहतं आणि शेकरूचं मात्र कमी होतं.

घरटंही तिनं दाखवलं. काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, झाडाच्या पार शेंड्याकडं, बारीक फांद्यांवर. बारीक फांदीवर का, तर जड शिकारी तिथवर पोचू नये म्हणून. एकटा शेकरू अशी पाच-सहा घरटी बांधून ठेवतो. एखादं पिल्लासाठी, बाकीची झोपायला आणि संकटात पळून जायला. आमच्यातली एक पटकन म्हणाली, “आपलं नावावर एक नाही, ह्याची सहा!” त्या हसण्यानं शेकरू सावध झाला, चकचकचक असा जोरात ओरडला आणि एका उडीत पलीकडच्या झाडावर गेला. एकूण सात-आठ मिनिटं दिसला. तेवढ्यासाठी पहाटे साडेचारला उठलो, आणि पुन्हा उठू.

सहलीला गेलं की शेकरू दिसेलच असं नाही, हेही सांगायला हवं. “प्राणी नक्की दाखवतो” असं म्हणणाऱ्याला गाईड म्हणून घेऊच नका. तो एकतर खोटं बोलतोय, नाहीतर दाणे टाकून जनावरांना सवय लावतोय. या जंगलात बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, खवले मांजर असे कितीतरी प्राणी आहेत. आम्हाला त्यातलं काही दिसलं नाही. भेकराच्या खुरांचे ठसे आणि साळिंदराचा एक काटा तेवढा दिसला. काटा उचलायला एकीचा हात गेला, ताईनं तो तिथंच राहू दिला. अभयारण्यातून पान, फूल, पीस काहीच आणायचं नसतं, कायद्यानंच मनाई आहे.

दाण्यांवरून आठवलं. आमच्याकडून एक चूक झाली ती लपवत नाही. परतताना पायऱ्यांवर माकडं होती. एकीला दया आली, तिनं चिक्कीचा तुकडा पुढं केला. पुढच्या क्षणी दुसऱ्या माकडानं तिच्या हातातली पर्सच ओढली आणि छपरावर जाऊन बसलं. पर्समध्ये पैसे थोडेच होते, पण बीपीच्या गोळ्या होत्या. पर्स मिळाली, गोळ्या वरून घळीत गेल्या. दुसऱ्या एकीकडं बीपीच्याच गोळ्या होत्या, ती देऊ लागली. आमच्या आशाताईंनी हात धरला. आजाराचं नाव एक असलं तरी गोळी एक नसते, दुसरीची गोळी घ्यायची नाही म्हणाल्या. बरं झालं, सकाळची गोळी खाऊन झाली होती आणि रात्रीची घरी मिळाली. पण गोळ्या पर्समध्ये नको, अंगावरच्या खिशात ठेवा. आणि माकडांना काहीही देऊ नका. आज आपण दिलेला तुकडा उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या हातातून ओरबाडला जातो.

गुप्त भीमाशंकरला पोचलो. खडकावरून पाणी पडतं, खाली पिंड आहे. भीमा देवळापाशी उगम पावते, मग गुप्त होते आणि इथं पुन्हा बाहेर येते, असं मानतात. धार केवढी, तर आपल्या मोटारीच्या पाइपाएवढीसुद्धा नसेल. आम्ही बघतच राहिलो. कारण ही आमची नदी. आमच्या तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड, आणि दोन्ही याच डोंगररांगेतून येतात. चासकमान धरणाचा कालवा आमच्या शेतातून जातो, तेही भीमेचंच पाणी. पुढं उजनी, पुढं पंढरपूर. जिला आपण चंद्रभागा म्हणतो ती हीच. एकूण ८६१ किलोमीटर वाहून कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वारीला दरवर्षी जाणाऱ्या आमच्या मावशी त्या धारेपाशी किती तरी वेळ हात ओला करून बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

ताईनं तिथं काठीनं पालापाचोळा बाजूला केला. वरचा थर सुका, त्याखालचा काळा, दमट. हाताला गार लागला. पाऊस थांबून महिना होऊन गेला होता. भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमच्याकडं पाचशेच्या आसपास, तोही झाला तर. तिकडचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. उघड्या डोंगरावर पडला तर माती घेऊन धावत सुटतो. झाडाखाली पडला तर आधी पानावर आपटतो, मग खोडावरून उतरतो, मग या पाचोळ्यात मुरतो आणि हळूहळू झऱ्याला येतो. सारवलेल्या अंगणावर ओतलेलं पाणी आणि गोधडीवर ओतलेलं पाणी, एवढाच फरक. धरणात गाळ कमी यावा आणि ओढा दिवाळीनंतरही वाहावा असं वाटत असेल, तर ही गोधडी टिकायला हवी. पाणी आमच्या कालव्याला, आणि गोधडी सांभाळायची या वाडीवरच्या बायकांनी.

हे आम्हाला एवढं टोचलं, त्याचं कारण जेवताना कळलं. जेवण ताईच्या वाडीवर होतं. नाचणीची आणि तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात, आमटी. चार घरच्या बायकांनी मिळून केलं होतं. आम्ही विचारलं, एवढे लाखो लोक येतात, तुमचं बरं चालत असेल. त्या हसल्या. म्हणाल्या, लोक येतात, देवाला जातात, हॉटेलात खातात, बाटल्या टाकतात आणि जातात. वाडीवर येतं कोण? यांचं घर भातावर आणि हिरड्यावर. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. तो औषधाला आणि कातडी कमवायला जातो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावकडं हिरड्याची कितीतरी झाडं मोडली. हिरड्याचं झाड मोठं व्हायला वर्षं लागतात. आपली बाग गेली तर पंचनामा होतो, पण रानातल्या झाडाचा मालक कोण, यावरच भरपाईसाठी लोकांना झगडावं लागलं.

तरीही याच लोकांनी रान राखलंय. गावोगावच्या देवराया बघा. देवाच्या नावानं सोडलेलं रान, तिथं कुऱ्हाड चालवायची नाही. याच तालुक्यात आहुपेची देवराई आहे. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या लोकांना त्यांची किंमत कळली. गावातल्या म्हाताऱ्यांना ती आधीपासून होती, फक्त त्यांनी ती देवाच्या भाषेत सांगितली होती. म्हणून आम्ही आग्रहानं सांगतो, गाईड स्थानिक घ्या, जेवण वाडीवर घ्या. आमच्या दहा हजार सातशेंतले पस्तीसशे त्या वाडीत राहिले. पहिल्या खेपेला एक रुपया राहिला नव्हता.

दुपारी नागफणीच्या कड्याकडं गेलो. गुडघे दुखणाऱ्या चौघी वाडीवरच थांबल्या, तांदूळ निवडत गप्पा मारत बसल्या, आणि त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. वर वारा फार असतो, काठापासून लांब राहा, सेल्फीसाठी मागं मागं सरकू नका. समोर एकदम जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं, शेजारी पदरगड. ताई म्हणाली, इथं पडणारा एक थेंब या अंगाला घरंगळला तर कोकणातून अरबी समुद्राला जातो, त्या अंगाला घरंगळला तर भीमेतून कृष्णेला, आणि पार बंगालच्या उपसागराला. चार पावलांचा फरक. आमच्यातली एक म्हणाली, “म्हणजे पोरीच्या लग्नासारखं.” कुणीच हसलं नाही.

आता बिबट्या. ताईला आम्ही विचारलं की तुम्ही एवढ्या जंगलात राहता, तुम्हाला भीती नाही वाटत? ती म्हणाली, इथं बिबट्या आहे, पण वर्षानुवर्षं दिसत नाही. तो आमच्या वाटेला जात नाही, आम्ही त्याच्या. आणि तुमच्याकडं? मग आम्ही सांगितलं. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. ऊस बारा-चौदा महिने उभा. आत गारवा, पाणी जवळ, कुत्री, शेळ्या, वासरं हाताशी. मादी उसातच विते. जे बछडं उसात जन्मलं त्यानं जंगल पाहिलेलंच नाही, त्याचं घर ऊस. तोडणीला फड मोकळा झाला की ते बिथरतं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण किती ठेवणार? ताई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे खरं जंगल तुमच्याकडंच झालंय, आणि त्याचे नियम तुम्हाला कुणी शिकवले नाहीत.”

तिनं तिचे नियम सांगितले, ते तुमच्यासाठीही. दिवस मावळल्यावर एकटीनं वाकून काम करू नये, वाकलेलं माणूस जनावराला लहान दिसतं. शेताकडं जाताना बोलत जावं. परसाकडं एकटीनं जाऊ नये. लहान मुलाला उसाच्या कडेला झोळीत ठेवून कामाला लागू नये. फडात बछडे दिसले तर उचलू नयेत, फोटोसाठी तर मुळीच नाही. मादी जवळच असते. तोड थांबवून वनखात्याला कळवावं. बछडे जागच्या जागी राहिले तर बहुतेक वेळा मादी रात्री येऊन घेऊन जाते. यातलं बरंच आम्हाला माहीत होतं, पण जंगलातल्या बाईकडून ऐकल्यावर ते नीट डोक्यात बसलं.

काजव्यांबद्दल आणि रात्री चमकणाऱ्या बुरशीबद्दलही काही जणींनी विचारलं. दोन्ही खरं आहे, पण ते पावसाळ्याच्या सुरुवातीचं आणि पावसातल्या रात्रींचं. एका दिवसाच्या सहलीत ते बसत नाही. रात्रीचं जंगल परवानगीशिवाय आणि जाणत्या माणसाशिवाय करायचं नसतं.

चारला निघालो, साडेसातला घरी. स्वयंपाक घरच्यांनी केलेला होता. कुठं खिचडी, कुठं नुसता भात. एकीच्या घरी कुणीच काही केलं नव्हतं, तिनं आल्या आल्या पदर खोचला. तेही सांगायला हवं.

उरलेल्या पाचशे रुपयांचं काय करायचं यावर गटात दोन बैठका झाल्या. मग ठरलं, ताईच्या गटाला इकडं बोलवायचं. आम्ही त्यांची नदी पाहिली, त्यांनी आमची पाहावी. घोडनदीचा बाजार, कालवा, जमलं तर पुढं पंढरपूर. फोन केला, त्यांना पटलं. भातकापणी आणि झोडणी उरकली की येतो म्हणाल्या. बारा जणी आहेत. मग ताईनं जरा घुटमळत विचारलं, आमच्या बायका विचारतायत, तुमच्याकडं बिबट्या नक्की दिसतो का? आम्ही सांगितलं, नक्की दाखवतो असं म्हणणाऱ्या गाईडवर विश्वास ठेवू नका. आणि संध्याकाळी सहाच्या आत घरात या.